झुकणं दिसतं, सरकणं दिसत नाही

कसबा पेठेत एसयूव्ही कशाला, हा प्रश्न विचारायची वेळ निघून गेली. गाड्या आल्या आहेत. फडके हौदाच्या आसपास, तांबट आळीच्या तोंडाशी, वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या खांबांमध्ये त्या मागेपुढे करत बसवल्या जात आहेत. पुण्यातली ही सर्वांत जुनी पेठ. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला तेव्हाही कसबा जुनाच होता, आणि इथल्या बोळांची रुंदी ठरली ती माणूस, घोडा आणि फार तर बैलगाडी डोळ्यांपुढे ठेवून. त्या बोळांतून आज पिंपरीत तयार झालेली टाटा हॅरियर जाते, जिची रुंदी आरसे सोडूनही जवळजवळ १,९०० मिलिमीटर भरते. आठवड्याचे पाच-सहा दिवस अशा गाडीचं आयुष्य पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच सरतं. वाटेत असतात वर आलेली ड्रेनेजची झाकणं, खोदाईनंतर घाईने बुजवलेले चर, मांडवाच्या खांबांचे खड्डे आणि कुणीतरी हौसेने घातलेले गतिरोधक. मग एखाद्या शनिवारी पहाटे तीच गाडी आजी-आजोबा, मुलं आणि बॅगा घेऊन ताम्हिणी घाट उतरून कोकणात निघते, आणि तिथे तक्रार सुरू होते. गाडी वळणावर झुकते, होडीसारखी डुलते, मागच्या मुलांना गाडी लागते.

या तक्रारीवर बाजारात उपायांची वाण नाही. कडक स्प्रिंगा टाका, गाडी इंचभर खाली घ्या, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर अडकवा, जाड स्टॅबिलायझर बार घाला, सतराची चाकं काढून एकोणिसाची घाला. ज्यांना घाटापेक्षा खड्डे जास्त छळतात त्यांना अगदी उलटा सल्लाही मिळतो, की स्पेसर टाकून गाडी दोन बोटं उंच करून घ्या. पहिल्या जातीच्या सगळ्या उपायांमागे एक समजूत आहे. गाडी झुकते म्हणजे तिची पकड सुटते, आणि झुकणं थांबवलं की गाडी रस्त्याला चिकटते. ही समजूत अर्धवट आहे, आणि अर्धवट समजुतीवर केलेला खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतो. कुटुंबाच्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये हात घालायचाच असेल तर तो शॉकअपमध्ये घालावा, उंचीत घालू नये, आणि त्याही आधी जे झिजलं आहे त्याचा हिशेब करावा, असं मला वाटतं. का, ते सांगायला थोडं गणित लागेल, पण ते भाजीच्या हिशेबाहून अवघड नाही.

समजा, गाडी माणसांसकट १,८०० किलोंची आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १६० सेंटिमीटर आहे. घाटातल्या वळणावर तिला बाहेर रेटणारा जोर तिच्या वजनाच्या निम्मा आहे असं धरू. तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन निघतं १,८०० गुणिले ०.५ गुणिले ०.७, भागिले १.६, म्हणजे जवळजवळ ३९४ किलो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना नऊ-नऊशे किलो होते. आता बाहेरच्या बाजूवर १,२९४ आणि आतल्या बाजूवर ५०६. या हिशेबात वजन आहे, उंची आहे, रुंदी आहे, वळणाचा जोर आहे. स्प्रिंग कुठेच नाही. स्प्रिंग लोण्यासारखी मऊ असो की दगडासारखी कडक, ३९४ किलो सरकणारच. गाडी झुकल्यामुळे गुरुत्वमध्य थोडा बाहेर जातो आणि त्याची भर पडते हे खरं, पण चार अंशांनी झुकली तरी ती भर फार तर पन्नास-पंचावन्न किलोंची. आणि पकड सुटते ती या सरकण्यामुळे, कारण टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. बाहेरचा टायर जेवढं कमावतो त्यापेक्षा आतला जास्त गमावतो. म्हणजे आपल्याला दिसतं ते झुकणं आणि नुकसान होतं ते सरकण्याने. कडक स्प्रिंग टाकून आपण दिसणारी गोष्ट कमी करतो, न दिसणारी जवळजवळ तशीच ठेवतो, वर गाडी ‘बसली’ अशा समाधानात दहा किलोमीटर वेग वाढवतो.

सरकणं कमी करायचे मार्ग त्याच सूत्रात दडलेले आहेत. वजन कमी करा, रुंदी वाढवा, नाही तर उंची कमी करा. रुंदी आणि उंचीचं हे नातं इतकं निर्णायक आहे की अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने २००१ च्या मॉडेलपासून गाडी उलटण्याच्या धोक्याचे तारे मुळात त्यावरच बेतले. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, एवढाच तो गुणांक. साध्या मोटारींचा तो साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्ही आणि पिकअपचा १.० ते १.३. आपल्या उदाहरणातल्या गाडीचा १.१४ येतो. आता तिच्यावर कॅरियर लावून ७५ किलोंच्या बॅगा जमिनीपासून १९० सेंटिमीटरवर बांधा. गुरुत्वमध्य जवळजवळ पाच सेंटिमीटर वर जातो आणि गुणांक १.०७ वर येतो. स्पेसर टाकून चाळीस मिलिमीटर उंच केलेल्या गाडीचं नुकसान याहून थोडं कमी, १.०९ च्या आसपास. दिवाळीच्या सुट्टीत गच्च कॅरियर बांधून कोकणात उतरणारं कुटुंब नकळत लिफ्ट किट बसवूनच निघालेलं असतं, आणि ज्याने खरोखर लिफ्ट किट बसवून वर कॅरियरही बांधला त्याने दोन्ही दंड एकदम भरलेले असतात. त्यामुळे या गाडीचं वळणावरचं वागणं सुधारणारा सर्वांत स्वस्त ‘बदल’ म्हणजे जड बॅगा टपावरून उतरवून मागच्या सीटच्या पाठीशी, तळाला ठेवणं. तो कुठल्या दुकानात विकत मिळत नाही म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

मग गाडी खाली का घेऊ नये? गणिताच्या कागदावर हे बरोबर आहे, आणि शर्यतीच्या गाड्या याच कारणाने जमिनीला चिकटलेल्या असतात. पण कसब्यातली गाडी कागदावर चालत नाही. गतिरोधक कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे. उंची १० सेंटिमीटर, लांबी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता यावा असा सपाट गोलावा. पेठांमधल्या बऱ्याच गतिरोधकांनी हे माप पाहिलेलं दिसत नाही. ते आखूड आणि टोकदार असतात, आणि भरलेली गाडी खाली घेतली की तिचं पोट त्यांवर घासतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी खाली घेतली की चाकाला वर यायला उरणारी जागा तेवढीच कमी होते. ती संपली की चाक बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर आदळतं, त्या क्षणी स्प्रिंग जणू नसतेच, आणि वळणात असताना हे झालं तर बाहेरच्या चाकाची पकड एकाएकी सुटते. झुकणं टाळायला निघालेला माणूस घसरणं विकत घेतो.

तांबट आळीतल्या कारागिरांना जे कळतं ते इथे आठवावं. तांबं ठोकत गेलं की ते कडक होतं, म्हणून मध्येमध्ये तापवून ते पुन्हा मऊ करून घ्यावं लागतं. धातूचा स्वभाव त्याच्या आकाराइतकाच त्याला दिलेल्या तावावर असतो. स्प्रिंगच्या पोलादाचंही तेच. त्याला पाणी देऊन, पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन त्याचा लवचिकपणा बांधलेला असतो. गाडी खाली घेण्यासाठी गॅस कटरने वेटोळं कापणारे गॅरेजवाले आजही भेटतात. कापलेल्या टोकाजवळ तो ताव मोडतो, शिवाय टोक नीट बसण्यासाठी केलेला सपाट घाट नाहीसा होतो, आणि चाक पूर्ण खाली लोंबकळलं की अशी स्प्रिंग जागेवरून सुटूही शकते. रबराच्या बफरचं दुखणं वेगळं. ते दोन वेटोळ्यांच्या मध्ये बसतं आणि तेवढा भाग कामातून काढून टाकतं. उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढतो, आणि स्प्रिंग अशा ठिकाणी वाकू लागते जिथे वाकण्यासाठी ती बनवलेलीच नव्हती. गाडी थोडी उचलली जाते, थोडी कडक होते, आणि मालकाला फरक जाणवतो. फरक जाणवणं आणि सुधारणा होणं यांत अंतर आहे, पण स्पेअर पार्टचा बराचसा धंदा त्याच अंतरात चालतो.

स्प्रिंगचं मुख्य काम वजन पेलणं, आणि कुटुंबाच्या गाडीत हे वजन स्थिर नसतं. एरवी चालक एकटा, रविवारी सात माणसं आणि मागे सामान. पुण्यात टांगे होते तेव्हा टांगेवाल्यांच्या बोलण्यात ‘उलाळ’ हा शब्द असायचा. मागे वजन जास्त झालं की टांगा उलाळ व्हायचा, दांड्या वर उचलल्या जायच्या, आणि घोड्याच्या पायाला जमिनीचा जोर मिळायचा नाही. सात सीटची एसयूव्ही मागे भरली की तीही उलाळ होते. नाक वर, पुढच्या चाकांवरचं वजन कमी, स्टिअरिंग हलकं आणि बधिर. म्हणून कंपनी मागच्या स्प्रिंगा भरलेल्या गाडीच्या हिशेबाने ठेवते आणि रिकामी गाडी मागून उडते. या तडजोडीवर स्प्रिंग बदलून मात करता येत नाही, कारण एकाच ताकदीची स्प्रिंग दोन्ही प्रसंगांना पुरी पडत नाही. स्प्रिंगवर बसलेली मोटारगाडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते; स्प्रिंग तीस टक्के कडक केली तरी हा ठेका जेमतेम चौदा टक्क्यांनी वाढतो, पण प्रत्येक झाकणाचा आणि चराचा दणका मात्र आजोबांच्या मणक्यापर्यंत थेट पोहोचतो.

आता शॉकअप. गॅरेजमध्ये हे नाव सर्रास चालतं, आणि इंग्रजी नावामुळे लोकांना वाटतं की तो धक्का खातो. धक्का खाते स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगने खाल्लेला धक्का पचवण्याचं. दाबलेली स्प्रिंग मोकळी सोडली तर ती पुन:पुन्हा उसळत राहील. शॉकअपच्या नळीत एक दट्ट्या तेलातून ढकलला जातो, तेल बारीक छिद्रांमधून रेटलं जातं आणि उसळीची शक्ती तेलाच्या उष्णतेत जिरते. तो गाडीचं वजन पेलत नाही, म्हणून गाडीची उंची ठरवत नाही. लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे त्याचा जोर गाडी किती झुकली यावर नसतो, किती वेगाने झुकते आहे यावर असतो. स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार मिळून ठरवतात की गाडी शेवटी किती अंशांवर स्थिरावेल. तिथवर ती कशी जाईल, सावकाश की भेलकांडत, एका हेलकाव्यात की तीनमध्ये, हे शॉकअप ठरवतो. आणि माणसाला भीती वाटते ती या जाण्याची. लांब वळणावर पाच अंश झुकून स्थिर राहिलेल्या गाडीत कुणी ओरडत नाही. डावीकडून उजवीकडे पटकन वळवताना ती जी लोंबकळते, थांबते, मग एकदम दुसऱ्या अंगाला पडते, त्याला आपण ‘डुलणं’ म्हणतो. हे दुखणं स्प्रिंगचं कमी आणि शॉकअपचं जास्त.

गाड्या बनवणाऱ्यांनीही याच ठिकाणी पैसा घातला आहे, आणि त्याचे दाखले शोधायला पुण्याबाहेर जावं लागत नाही. भारतात शॉकअप बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी गॅब्रिएल इंडिया ही १९६१ ची. तिचा एक कारखाना चाकणला आहे. रांजणगावला २०१७ पासून बनू लागलेल्या जीप कंपासमध्ये आणि चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये, जी २०२१ मध्ये आली, कंपन्यांनी मिरवलेली गोष्ट होती ‘फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह डॅम्पिंग’. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. खराब रस्त्यावरच्या बारीक, झपझप थरथरीत शॉकअपमधली एक जास्तीची वाट उघडी राहते आणि तो मऊ वागतो. वळणावर किंवा मोठ्या लाटेवर, जिथे हालचाल संथ आणि लांब असते, तिथे ती वाट बंद होत जाते आणि तो घट्ट धरतो. कसब्याचा चर आणि ताम्हिणीचं वळण यांतला फरक ओळखणारा शॉकअपच म्हणायचा. चांगली गाडी मऊही हवी आणि घट्टही हवी, या कुटुंबाच्या परस्परविरोधी मागणीवर उद्योगाने शोधलेलं उत्तर स्प्रिंगमध्ये नाही, तेलाच्या वाटांमध्ये आहे. बाजारात मिळणारे, त्याच उंचीला बनवलेले, नायट्रोजन भरलेले चांगले शॉकअपही बरंच काही करतात. गॅसच्या दाबामुळे तेलाचा फेस होत नाही, आणि लांब घाटात तेल तापलं तरी त्यांची पकड ढिली पडत नाही.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप स्टॅबिलायझर बारचा असेल. जाड बार घातला की सरळ रस्त्यावरची मऊपणाची चव तशीच राहते आणि गाडी झुकणंही कमी होतं, मग नुकसान काय? आक्षेप वजनदार आहे, आणि चांगल्या रस्त्यांच्या देशात मी तो मान्यही केला असता. पण बार म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाला बांधणारा पीळदार दांडा. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर तो गप्प बसतो; एकच चाक झाकणावर चढलं तर त्याच धक्क्याचा वाटा दुसऱ्या चाकालाही देतो, आणि आतल्या माणसांची डोकी डावीकडे-उजवीकडे हिंदकळतात. आपल्या पेठांमध्ये खड्डे जोडीने क्वचितच येतात. दुसरं म्हणजे बार फक्त पुढे किंवा फक्त मागे जाड केला की सरकणाऱ्या त्या ३९४ किलोंपैकी पुढच्या आणि मागच्या जोडीने किती घ्यायचे ही वाटणी बदलते. मागे जाड केला तर मागची चाकं आधी सुटतात, म्हणजे ओल्या घाटात गाडी शेपटी फिरवू शकते. कंपनीने ती वाटणी मुद्दाम अशी ठेवलेली असते की चुकलंच तर पुढची चाकं आधी सुटावीत, कारण तेव्हा सामान्य चालक घाबरून जे करतो, म्हणजे वेग कमी करतो, तेच बरोबर ठरतं. शिवाय हॅरियरसारख्या बऱ्याच गाड्यांचा मागचा धुराच पीळ खाणारा असतो. तो स्वतःच बारचं काम करतो, आणि तिथे आणखी बार म्हणजे औषधावर औषध.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. कंपनीने शेकडो अभियंते लावून जे ठरवलं, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून जे मंजूर झालं, त्यात तुम्ही कोण लुडबुड करणार? हॅरियरच्या सस्पेन्शनच्या जुळवणीसाठी टाटांनी लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीच्या अभियंत्यांची मदत घेतली होती. त्यांच्यापेक्षा गल्लीतल्या गॅरेजवाल्याला जास्त कळतं का? नाही कळत. पण त्या अभियंत्यांनी जुळवली ती नवी गाडी. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली, निम्मं आयुष्य झाकणांवरून गेलेली गाडी त्यांची गाडी उरलेली नसते. शॉकअप एका दिवसात मरत नाही. रोज थोडा थोडा मरतो, आणि चालक त्याच्याबरोबर रोज थोडा थोडा सवयीचा होत जातो. लोअर आर्मचे बुश फाटतात, स्टॅबिलायझरच्या लिंक खडखडू लागतात, बॉल जॉइंटला खेळ येतो. अशी गाडी झुकते म्हणून तिला कडक स्प्रिंग घालणं म्हणजे दाराची बिजागरी निखळलेली असताना कडी मोठी करणं. बोनेट दाबून सोडायची जुनी परीक्षा नव्या गॅसच्या शॉकअपला फारशी लागू पडत नाही. त्यापेक्षा शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसतो का, टायरवरून हात फिरवला तर चढउतार लागतात का, हे बघावं. ‘टायर खातोय’ असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा गुन्हा बहुतेक वेळा टायरचा नसतो. मूळ जातीचे नवे शॉकअप आणि बुश बसवले, चाकांची अलाइनमेंट करून घेतली, तर पुष्कळ मालकांना जी ‘अपग्रेड’ची आस असते ती तिथेच फिटते. काही लोकांना हे फार मिळमिळीत वाटतं.

टायरबद्दल थोडक्यात, कारण विषय वेगळ्या लेखाचा आहे. टायरमधली हवा हीदेखील एक स्प्रिंग आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जगाने पाहिली आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने पासष्ट लाख टायर परत मागवले; त्यांतले बरेच फोर्ड एक्स्प्लोरर या कुटुंबाच्या एसयूव्हीचे होते. टायरची वरची पट्टी सुटायची आणि उंच गाडी उलटायची. फोर्डने शिफारस केलेली २६ पीएसआय हवा कमी होती की टायरच सदोष होते, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या आणि जवळजवळ शतकभराचं नातं तोडून बसल्या. आपल्या गाडीत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचा आणि एक भरलेल्या. दुसरा आकडा कुणी वाचत नाही. आणि एकोणिसाची चाकं घालणाऱ्याने एवढंच ध्यानात ठेवावं की चाक मोठं झालं की टायरची भिंत आखूड होते, आणि आखूड भिंतीच्या टायरला आपल्या चरांमध्ये ‘फुगा’ यायला एक पावसाळा पुरतो.

कायद्याची बाजूही टाळता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कुणी म्हणेल, स्प्रिंग किती कडक आहे हे चौकातला हवालदार बघणार आहे का? बघणार नाही. पण अपघातानंतर येणारा विम्याचा सर्व्हेअर बघू शकतो. मूळ मापाचा, मूळ जागी बसणारा शॉकअप म्हणजे भाग बदलणं, आणि उंची बदलणं म्हणजे गाडी बदलणं, असा फरक मी करीन. तरीही जे केलं ते विमा कंपनीला लेखी कळवून ठेवावं. नव्या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार ठरावीक उंची आणि कोन गृहीत धरून रस्ता वाचतात. गाडी दोन बोटं वर गेली की तो कोन चुकतो, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते वेगळंच.

आणि मुलांना गाडी लागते त्याचं काय? त्यावर मात्र कुठलाच शॉकअप फारसा उपयोगी नाही. माणसाला मळमळतं ते दोन ते दहा सेकंदांत एकदा येणाऱ्या संथ हेलकाव्यांनी, सर्वांत जास्त पाचेक सेकंदांच्या ठेक्याने. घाटात डावी-उजवी वळणं एकामागून एक साधारण याच ठेक्यात येतात. त्या हेलकाव्याचा जोर ठरतो वेगाने. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० ने गेलं तर बाहेर रेटणारा जोर वजनाच्या ५७ टक्के होतो, ५० ने गेलं तर ३९ टक्के. दहा किलोमीटर कमी केले की जवळजवळ एक तृतीयांश जोर गायब. एवढी सुधारणा करणारं किट कोणी विकत नाही.

इथेच शेवटचा आणि सर्वांत सरळ आक्षेप उभा राहतो, की मग हळूच चालवा, शॉकअपवर तरी खर्च कशाला? दिसणाऱ्या वळणांसाठी हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. न दिसणाऱ्या गोष्टींसाठी नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स वेर्ल्ड’ मासिकाने मर्सिडीजची नवीकोरी, उंच बांध्याची ए-क्लास एका चाचणीत घातली. रस्त्यात एकाएकी मूस हे थोरलं हरीण आलं तर गाडी झटकन एका बाजूला काढायची आणि लगेच परत आपल्या रांगेत आणायची, एवढीच ती चाचणी. गाडी उलटली. मर्सिडीजने विक्री थांबवली, सस्पेन्शन आणि टायर बदलले आणि चाकं स्वतःहून सावरणारी ईएसपी यंत्रणा प्रत्येक गाडीत घातली. अशा चाचणीत घात पहिल्या झटक्याने होत नाही, परतीच्या झटक्याने होतो. गाडी एका अंगावर झुकलेली असते, स्प्रिंगा दाबलेल्या असतात, आणि त्याच क्षणी उलट वळवल्यावर ती साठलेली उसळी वळणाच्या जोरात मिसळते. ती उसळी जिरवायला हाताशी एक-दीड सेकंद असतो. मुळशीच्या पुढे, पावसात, वळणाआडून रस्त्यावर आलेली म्हैस याच दीड सेकंदाचा प्रश्न घालते, मग काट्यावर वेग चाळीसचा असो की पन्नासचा. त्या वेळी रस्त्याला टेकलेले असतात तळहाताएवढे चार ठसे, त्यांच्या वर चार शॉकअप असतात आणि टपावर कॅरियर असतो किंवा नसतो.